सुटली तर केस

आई, आज रविवार, १८ जानेवारी २०२६. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि मी ताईच्या घराच्या पडवीत बसून कंगव्याच्या दातांत अडकलेले केस एकेक करून काढतो आहे. केस ताईच्या मुलीचे आहेत. ती आत चटईवर झोपली आहे. डोक्याला माझा जुना सुती पंचा गुंडाळलेला आणि पंच्याखाली केसांना पांढरं कंडिशनर थापलेलं. सकाळी नऊला बसलो तेव्हा तिच्या मानेच्या वर, डोक्याच्या मागे, माझ्या मुठीएवढी गाठ होती. आता ती लिंबाएवढी उरली आहे. दिवेलागणीपर्यंत ती पूर्ण सुटली तर ते केस. नाही सुटली तर ती जट, म्हणजे देवीची, आणि परवा मंगळवारी पोरीच्या डोक्याला हळद लागेल. हळद लागली की त्या केसांना पुन्हा कंगवा नाही, कात्री नाही. हे तुला समजावून सांगायला नको. मला भीती कमी आणि आनंद जास्त आहे, कारण गाठ सुटते आहे आई, आणि ती का सुटते आहे हे मला माहीत आहे. तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून कंपनीच्या रद्दीतल्या बॅचकार्डांच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं आहे.

तू गेलीस तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि ताई पंधराची. आता ताई खांब गावाजवळ, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरात नांदते, आणि मी रोह्याला एका केमिकल कंपनीत कंत्राटावर आहे, स्टोअरमध्ये. ताईची मुलगी सहा वर्षांची. तू तिला पाहिलं नाहीस, पण पेणच्या बाजारातलं एखादं जुनं माणूस तिला पाहून नक्की थांबेल आणि विचारेल, ही त्या कुरळ्या केसांच्या बाईची नात काय. केस अगदी तुझे. कोरडे असले की खांद्यापर्यंत, ओले केले की कमरेपर्यंत. भाताची मळणी चालू होती तेव्हा तिला टायफॉइड झाला. तीन आठवडे पोर अंथरुणात होती. अशा वेळी केस विंचरायचं कुणाला सुचणार? ताप उतरला तेव्हा मागे ही गाठ होती. ताईने ओढून पाहिलं तर पोर किंचाळली. मग ताईच्या सासूने, त्यांना मी मावशी म्हणतो, गाठ हातात घेतली आणि देव्हाऱ्याकडे बघितलं. ताप चढलेला असताना मावशींनीच देवीला नवस केला होता, पोर उठू दे, तू मागशील ते देईन. आता देवीने मागितलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. मावशी वाईट बाई नाहीत. ते तीन आठवडे पोर त्यांच्याच कुशीत होती, आणि त्या स्वतः धड जेवल्या नाहीत, असं ताई सांगते. म्हणून तर त्यांच्याशी भांडता येत नाही.

तुझी गाठ आठवली की मला आधी वास येतो, ओल्या प्लास्टरचा. पेणला गणपतीच्या कारखान्यात तू गोण्या फोडायच्या, प्लास्टर कालवायच्या आणि साच्यात ओतायच्या कामावर होतीस. आषाढ-श्रावणात तू घरी यायचीस ती पांढरी होऊन. भुवया पांढऱ्या, पदर पांढरा, डोक्याला बांधलेल्या फडक्यातून निसटलेल्या बटा पांढऱ्या. रविवारी तू मोरीत बसायचीस. कपडे धुवायचा निळा साबण आणि खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी. केस वाळले की बारीक दातांची फणी घेऊन उंबऱ्यात यायचीस. फणी अडकते, तू मान एका बाजूला कलती करून ओढतेस, आणि म्हणतेस, "मेले केस तरी कसले, माझ्यासारखेच आडमुठे." मी आणि ताई हसतो. एका हंगामात ऑर्डरी जास्त होत्या, तुझे तीन रविवार कारखान्यातच गेले. चौथ्या रविवारी फणी आत शिरलीच नाही. आजीने बघितलं आणि देव्हाऱ्यात दिवा लावला. त्यानंतर दर शुक्रवारी बाया यायच्या आणि तुझ्या पायांना हात लावायच्या. तुला ते आवडायचं नाही. तू पाय पोटाशी ओढून घ्यायचीस. पाच वर्षं ती गाठ वाढत गेली. भिजली की तीन दिवस वाळायची नाही. तू काविळीने गेलीस, गाठीचा त्यात काही संबंध नव्हता, पण त्या पाच वर्षांत तुला उताणं झोपलेलं मी पाहिलं नाही.

मी नऊ वर्षांचा असताना एकदा तू मला मिठागराच्या बांधावर घेऊन गेलीस. दुपारची वेळ होती, मीठ ओढणारी माणसं जेवायला गेलेली. तू पदराखालून कारखान्यातली कात्री काढलीस आणि माझ्या हातात दिलीस. "काप. कुणी इचारलं तर मी सांगीन, उंदरानं खाल्ली." मी कात्री धरून उभा राहिलो आणि रडायला लागलो. मला वाटलं, कापली तर तू तिथेच मरशील. तू कात्री परत घेतलीस, पदराने माझं नाक पुसलंस आणि म्हणालीस, "जाऊ दे. वारा बघ कसा मस्त सुटलाय." आपण तिथे थोडा वेळ बसलो आणि घरी आलो. त्यानंतर तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. कारखान्यात तुला लिहिता येत होतं म्हणून मूर्तीच्या पाटाखाली गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायचं काम तुझ्याकडे असायचं. एका वर्षी मी हौसेने चार चिठ्ठ्या लिहिल्या आणि दोन गावांची अदलाबदल केली. नागोठण्याची मूर्ती गागोद्याला गेली. मालकांनी तुझा एक दिवस कापला. तू मला मारलं नाहीस. त्या चारही चिठ्ठ्या माझ्याकडून पाटीवर रात्रीच्या जेवणाआधी वीस-वीस वेळा लिहून घेतल्यास आणि म्हणालीस, "लोकं मूर्ती बघत नाय, चिठ्ठी वाचतात. लिहायचं तर नीट लिही, नायतर लिहू नको." माझे दहावीला दोन विषय राहिले आणि मी पुन्हा बसलो नाही, पण ते वाक्य राहिलं. कंपनीत ड्रमवर नाव आणि बॅच नंबर लिहायचं काम माझ्याकडे आहे. मी अक्षर न् अक्षर जुळवतो, मग परत शेवटाकडून पहिल्याकडे तपासतो. बाकीचे हसतात. सहा वर्षांत माझा एकही ड्रम चुकीच्या गाडीत चढलेला नाही.

गेल्या मे महिन्यात मी खोलीवर आंघोळ करत होतो. शाम्पूची पुडी दाताने फोडली, आणि पुडीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत एक नाव दिसलं, सोडियम लॉरेथ सल्फेट. डोळ्यांत फेस जात होता तरी मी वाचत राहिलो. आई, ते नाव आदल्या दिवशी मी स्वतःच्या हाताने चाळीस ड्रमांवर लिहिलं होतं. मला कधी वाटलंच नव्हतं की पुडीवरचं ते बारीक लिखाण माझ्यासारख्याने वाचायचं असतं. वाटायचं, ते सरकारसाठी असेल. मी पुडी धुतली, वाळवली आणि दुसऱ्या दिवशी एक दोनशे पानी वही आणली. डावीकडे नाव, उजवीकडे त्याचं काम. रोह्याच्या बाजारात एका दुकानात उभा राहून बाटल्यांच्या मागची नावं उतरवायला लागलो. तिसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "भावा, तू घेणार हायस का परीक्षा देणार हायस?" मी लाजून एक बाटली घेतली. मग त्यानेच मला स्टूल दिलं.

माझे केसही तुझेच आहेत, म्हणून मी ते आजवर बारीक कापून ठेवायचो. वही सुरू केल्यावर वाढवले. आणि मग मी जी चूक केली ती आमच्या स्टोअरमधलाच माणूस करू शकतो. आमच्याकडे शुद्ध माल म्हणजे भारी माल. नव्याण्णव टक्क्यांचा ड्रम वेगळ्या रॅकवर, त्याला कुलूप, त्याची किंमत दुप्पट. वहीत मला दिसलं की कुरळ्या केसांच्या चांगल्या बाटल्यांवर ग्लिसरीन असतंच असतं. मी म्हटलं, मग बाटलीतलं थोडंथोडकं कशाला, शुद्धच लावू. मेडिकलमधून ग्लिसरीनची बाटली आणली आणि ऑगस्टमधल्या एका सकाळी तसंच, पाणी न घालता, डोक्याला चोपडून कामावर गेलो. दहा वाजेपर्यंत केस फुगून हेल्मेटबाहेर आले. बारापर्यंत गोण्यांची सगळी पावडर डोक्यावर बसली. पॅकिंगमधला एक जण म्हणाला, "काय रे, आज गूळ लावून आलायस? मुंग्या लागतील, सांभाळ." दुसरा म्हणाला, "मुंग्या नाय, ह्याच्यावर आता बॅच नंबर टाकायला पायजे." मी जेवायला गेलो नाही.

लॅबमधल्या मॅडम नमुने न्यायला आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून हसू दाबलं आणि काय लावलं ते विचारलं. मी सांगितलं, आणि घाबरत घाबरत वही दाखवली. त्यांनी वही उभ्याने पाच मिनिटं वाचली. मला वाटलं, आता तक्रार होणार. त्या म्हणाल्या, "स्पेलिंग सगळी बरोबर आहेत तुझी. आता मला सांग, ह्या यादीत पहिलं काय आहे?"

"पाणी."

"आणि ग्लिसरीन कितवं?"

"सहावं."

"मग? जे जास्त ते आधी लिहायचं, असा नियम आहे. त्यांनी सहावं ठेवलं आणि तू पहिलं केलंस. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. ऑगस्टमध्ये रोह्याच्या हवेत पाणी काय कमी आहे?"

आई, मी तीन महिने नावं उतरवत होतो आणि ती यादी आहे, तिला वर आणि खाली आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून मला प्रत्येक बाटली उघडी दिसायला लागली. पहिल्या पाच नावांत बाटली असते. वास आणि रंग शेवटी, चिमूटभर, आणि पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ज्याचं चित्र असतं ते कोरफड नाहीतर बदाम बहुतेक वेळा त्या चिमटीतच. मॅडमनी मग मला आमच्याच रॅकवरची एक गोणी दाखवली, जी मी कित्येकदा खांद्यावर वाहिली होती. आत पांढऱ्या पातळ चकत्या, मेणबत्ती किसल्यासारख्या. हातावर चोळल्या तर लोण्यासारख्या मऊ. सेटोस्टिअरिल अल्कोहोल. हे नाव मी वहीत लाल पेनाने खोडून ठेवलं होतं, कारण ज्वालेचं चित्र असलेले अल्कोहोलचे ड्रम हातांची साल काढतात हे मला ठाऊक होतं. हे तसलं नव्हतं. हे केसांना गुळगुळीत करणारं होतं. आणि तिसरं नाव, ज्याच्यासाठी मी हे सगळं सांगतो आहे, बेहेनट्रायमोनियम क्लोराइड. ते न बघता लिहायला मला तीन दिवस लागले. केस झिजला, खरबरीत झाला, की त्याच्यावर ऋण भार असतो, आणि ह्याच्यावर धन भार, बॅटरीच्या दोन टोकांसारखा. म्हणून ते नेमकं झिजलेल्या जागी जाऊन बसतं आणि केस केसावरून घसरायला लागतो. मॅडम हे दोन मिनिटांत सांगून गेल्या. मी शिफ्ट संपेपर्यंत मनातल्या मनात पाठ करत होतो.

मग एका रविवारी खोलीवर बसलो असताना मला आपली मोरी दिसली. कुरळ्या केसाला वळणं असतात, त्यामुळे डोक्यातलं तेल टोकापर्यंत उतरत नाही आणि टोकं कोरडी पडतात. त्यावर कपड्याचा साबण. त्यावर मचूळ पाणी, ज्यात साबण नीट विरघळत नाही, त्याचा चिकट पांढरा साका होतो आणि केसांवर बसतो. त्यात गोण्यांमधलं कोरडं प्लास्टर, जे पाणी लागलं की दगडासारखं घट्ट होतं. आणि वर, कोरड्या केसांत मुळापासून ओढलेली बारीक फणी. मी हे पाचही वहीत एकाखाली एक लिहिलं आणि खाली तुझी गाठ लिहिली. हिशेब बरोबर जुळला. तुझे केस आडमुठे नव्हते, आई. त्यांना कुणी वाचलं नव्हतं. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी उठून खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारल्या, आणि मग कुणाला सांगायचं ते सुचेना.

बुधवारी ताईचा फोन आला. ती स्वयंपाकघरातून हळू आवाजात बोलत होती. "ये तू. मंगळवारी हळद लावनार हायत. मी काय बोलू त्यांना, आपल्या आईचंच उदाहरण देतात." शिफ्ट संपवून मी तसाच गेलो. मावशी अंगणात ओल्या वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं. घाबरलो की मी फार भरभर बोलतो. त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"झाला सांगून? आरं पोरा, मी काय अडानी हाय? गुंता मला समजतो. हा गुंता नाय. तीन वेळा तेल घालून बघितला मी."

"सुक्यात बघितलंत ना मावशी. ओल्यात, टोकाकडून..."

"आनि देवीचा असला तर? माझी पोर एकदा जाता जाता राह्यलीय."

मी म्हटलं, मला एक रविवार द्या. कात्री लावणार नाही, एकसुद्धा केस कापणार नाही. देवीची असेल तर माझ्या हाताने कशाला सुटेल? मावशींनी हातातली शेंग सोलून दाणे बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "दिवेलागणीपर्यंत. सुटली तर केस. नाय सुटली तर परत ह्या घरात ती गोष्ट काढायची नाय. ना तू, ना तुझी बहीन." ताई दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की बस मिळेपर्यंत मी रस्त्यावर वहीतली नावं पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.

कंडिशनरच्या दोन बाटल्या घेतल्या. दुकानात पाच कंपन्यांच्या याद्या ताडून पाहिल्या, आणि जिच्यात ग्लिसरीन, सेटोस्टिअरिल आणि बेहेनट्रायमोनियम ही तिन्ही नावं पहिल्या पाचांत होती ती निवडली. आज सकाळी पोरीला पाटावर बसवलं, केस भिजवले आणि बोटाबोटाएवढा भाग घेऊन कंडिशनर भरायला लागलो. मावशी म्हणाल्या, "येवढा लोनी आमच्या घरात आख्ख्या वरसात येत नाय." पोर पहिली दहा मिनिटं रडायच्या बेतात होती. मग दुखत नाही हे तिला समजलं आणि बोलायला लागली. "मामा, देवी माझ्या केसात बसलीय काय?" मी म्हटलं, बसली असेल तर तिचे पाय आखडले असतील, आपण जागा करून देऊ. "मग तिला सांग, टीव्हीवर बस. तिथं लय जागा हाय." मावशींना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. आधी बोटांनी, टोकाकडून, दोन-दोन केस बाजूला करायचे. मग मोठ्या दातांचा कंगवा. अकरा वाजता पहिली बट मोकळी झाली आणि पाण्यात धरली तर स्प्रिंगसारखी गोल वळली. मी ती बट अर्धा मिनिट नुसती धरून बसलो. ताईने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

पोर जागी झाली आहे. जातो.

सहा वाजून पन्नास मिनिटं. ताईने आताच दिवा लावला. आधी शेवट सांगत नाही, क्रमाने सांगतो, कारण मला तो क्रमाने परत बघायचा आहे.

साडेचारपर्यंत लिंबाची सुपारी झाली होती, आणि मग काम थांबलं. आतला भाग कडक होता. कंडिशनर लावलं की बाहेरचे केस घसरायचे, पण आत काहीतरी त्यांना धरून होतं. पाच वाजले. दुसरी बाटली संपली. मी विळी मागितली तशा मावशी ताडकन उठल्या, "पातं नाय ठरला होता." मी म्हटलं, बाटलीला हवी, मावशी. विळीवर बाटली उभी चिरली आणि बोटाने आतलं खरवडून काढलं. तेवढ्यानेही होईना. पोर कंटाळून रडायला लागली, ताई पदर तोंडाशी धरून चुलीकडे गेली. मावशींनी पोरीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि माझ्यासाठी ते उजेडाकडे वळवून धरलं. मला आठवतात ते त्यांचे हात. नखं वालाच्या सालीने काळी पडलेली, आणि पकड अगदी हलकी.

मी गाठ नाकाजवळ नेली, कारण ड्रमवरचं लेबल पुसलेलं असलं की आम्ही तेच करतो. कंडिशनरचा वास होता आणि खाली दुसरा, गोडसर, चिकटपट्टीच्या डिंकासारखा. तसला डिंक पाण्याने आणि साबणाने हटत नाही, पण तेलाने सैल होतो. चिकटपट्टीचे डाग आम्ही ड्रमवरून तसेच काढतो. मी ओरडलोच, "ताई, खोबरेल." सकाळपासून तेल मी मुद्दाम बाजूला ठेवलं होतं, आणि आता तेच हवं होतं. मावशींनी घातलेलं तेल मुठीएवढ्या गाठीतून आत पोचलंच नव्हतं, आता वाट मोकळी होती. कोमट करून थेंब थेंब आत सोडलं. दहा मिनिटं थांबलो. ती दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती. मग बोटाच्या टोकाला काहीतरी सरकलं. केस नव्हता. मी हळूच बाहेर ओढलं आणि तळहातावर ठेवलं. भाताचं एक कुसळ, आणि त्याच्याबरोबर गोल, मरून रंगाची, नखाएवढी टिकली.

मावशींनी ती माझ्या हातावरून उचलली. उजेडात धरली. मग त्यांचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला, जिथे आता तसलीच एक होती.

"ही माझी हाय," त्या म्हणाल्या.



"त्या राती तिचा ताप उतरंना. मी तिच्या डोक्याला डोका लावून पडले व्हते. सकाळी बघितला तर कपाळ मोकळा. मी म्हनला, खळ्यावर पडली असंल." त्यांनी टिकली दोन बोटांत दाबली. डिंक अजून चिकट होता. "मीच गुतवून ठेवली व्हती गो तुला."

हे त्या पोरीला म्हणाल्या, आणि पोर म्हणाली, "मग आता सोड ना आजी, माझी मान दुखते." तेव्हा मावशी हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि शेवटचे सात-आठ केस त्यांनी स्वतः सोडवले. मी फक्त टोकाकडून घ्या एवढंच सांगत होतो. सव्वासहाला कंगवा मुळापासून टोकापर्यंत गेला. पाण्याखाली धरलं तेव्हा सगळे केस एकदम वळले, काळे, जाड, वेटोळे, आणि पोरीने मान हलवून बघितली, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. ताई दाराला टेकून उभी होती. तिने पुढे येऊन पोरीच्या केसांत बोटं घातली.

नंतर मावशींनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "मंगळवारी देवळात जाईन मी. नवस बोलले ती बोलले. पाच नारळ दीन आनि सांगीन, पोरीचे केस पोरीलाच ऱ्हाऊ दे." थोड्या वेळाने, कपबशी उचलताना, "ती फनी कंची ती दाखव मला. आनि त्या बाटलीवर काय काय असायला पायजे ती लिहून दे. मोठ्या अक्षरात." मी कागदावर तीन नावं मराठीत लिहिली, परत तपासली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचणीने लावली. तुला दाखवायची होती.

हे पत्र मी वहीत ठेवणार आहे. एक गोष्ट राहिली आहे आणि ती लिहिल्याशिवाय हे पान पुरं होणार नाही. सकाळी नऊला पाटावर बसायच्या आधी मी हात धुवायला म्हणून घराच्या मागे, गोठ्याजवळच्या नळावर गेलो. सगळी यादी मला तोंडपाठ होती. पहिलं काय, तिसरं काय, कशाला कशाचा भार. मी दोन्ही बाटल्या दगडावर उभ्या ठेवल्या, आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं, चपला काढल्या आणि डोळे मिटून हात जोडले. म्हटलं, चूक होत असेल तर माझ्यावर घे, पोरीवर नको. मग चपला घातल्या आणि कामाला लागलो. हे मी ताईला सांगितलेलं नाही, आणि लॅबच्या मॅडमना तर कधीच सांगणार नाही.